कस्तुराचा सातबारा

बापूकाका जिन्यात भेटले की "कसा आहेस?" असं कधी विचारत नाहीत. "कुठे जाऊन आलास?" असं विचारतात. आपण सांगावं, महाबळेश्वरला. की पुढचा प्रश्न ठरलेला : "किती मीटर?"

आमच्या इमारतीत बाकी सगळ्यांना महाबळेश्वर म्हणजे स्ट्रॉबेरी, मक्याची भजी आणि पसरणी घाटात गाडी लागलेली मुलं. बापूकाकांना महाबळेश्वर म्हणजे १३५३. माथेरान म्हणजे ८००, लोणावळा ६२०. आपलं पुणं ५६०. पण बापूकाका तिसऱ्या मजल्यावर राहतात म्हणून ५६९. हे वरचे नऊ मीटर त्यांनी फोन हातात धरून लिफ्टमध्ये मोजले आहेत. त्या वेळी लिफ्टमध्ये दुसऱ्या मजल्यावरच्या आजी होत्या. त्यांना काकांनी आपुलकीनं सांगितलं, "तुम्ही ५६६." आजींना वाटलं साखर. दोन दिवस त्या भात सोडून बसल्या होत्या.

पक्षी पाहणारी माणसं मी बरीच पाहिली आहेत. एक जात फोटोवाल्यांची. पक्षी समोर येऊन बसला तरी ते चिडलेले असतात, कारण मध्ये फांदी आलेली असते. दुसरी जात यादीवाल्यांची. सकाळी नऊच्या आत ते साठ पक्षी पाहतात आणि एकाकडेही दुसऱ्यांदा बघत नाहीत. बापूकाका तिसऱ्या जातीचे. हद्दवाले. पक्षी दिसला याचा त्यांना आनंद होतो, पण तो अर्ध्या मिनिटाचा. मग चेहऱ्यावर काळजी दाटते. हा इथे आहे, मग पुढे कुठवर आहे? वर किती चढतो? खाली कुठल्या ओढ्यापाशी संपतो?

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. चौतीस वर्षं ते सरकारी मोजणीत भूकरमापक होते. मोजणी म्हणजे एका बाजूला थोरला भाऊ कोयता घेऊन उभा, दुसऱ्या बाजूला धाकटा पहार घेऊन उभा, आणि मधल्या बांधावर साखळी धरून बापूकाका. हातभर बांधासाठी तीन पिढ्यांची बोलचाल बंद झालेली त्यांनी पाहिली आहे. हद्दीचा दगड रात्रीतून चार पावलं चालत गेलेलाही पाहिला आहे. "माणूस खोटं बोलतो आणि दगडालाही बोलायला लावतो," ते म्हणतात. "पक्षी तसला नव्हे. जिथे संपला तिथे संपला. त्याची हद्द खरी."

निवृत्त झाल्यावर मुलानं त्यांना दुर्बीण घेऊन दिली. काकांनी एकच पक्षी धरला : शीळकरी कस्तूर. आणि त्याचा सातबारा करायला घेतला. हे काम खरं तलाठ्याचं, पण आता वर साहेब कोणी नव्हता. कापडी पुठ्ठ्याची एक लांबोडकी वही आणली. पहिल्या पानावर झोकदार अक्षरात लिहिलं : गाव नमुना सात-बारा, भोगवटादार शीळकरी कस्तूर. खाली रकाने आखले. ठिकाण, उंची, ओढ्यापासून अंतर, आवाज, शेरा. मागच्या पानांवर काकूंचा हक्क. तिथे वाणसामान, गॅसवाल्याचा नंबर आणि भिशीचा हिशोब.

हा पक्षी म्हणजे वीतभराहून थोडा मोठा, काळा. लांबून नुसता काळा. ऊन तिरपं पडलं तरच कपाळावर आणि खांद्यावर झळाळती निळाई दिसते. जंगलातल्या ओढ्याकाठी, ओल्या सावलीत राहतो. पाऊस जवळ आला की पहाटे उजाडायच्या आधी गायला लागतो, आणि गातो म्हणजे चक्क माणसासारखी शीळ घालतो. शाळेच्या वाटेवर रेंगाळणाऱ्या पोराची शीळ. एक सूर धरतो, सोडून देतो, वर चढतो, काय म्हणायचं होतं ते विसरतो, पुन्हा पहिल्यापासून. इंग्रजांनी त्याचं टोपणनावच शीळ घालणारं शाळकरी पोर असं ठेवलं होतं.

वहीतली पहिली नोंद फेरफाराची आहे, आणि ती काकांनी निषेधाच्या सुरात केली आहे. १८३१ साली व्हिगर्स नावाच्या साहेबानं या पक्ष्याचं शास्त्रीय वर्णन केलं आणि नाव दिलं हॉर्सफिल्ड या डॉक्टराचं. "आता हा हॉर्सफिल्ड," काका मला म्हणाले, "मूळचा अमेरिकेचा. जाव्यात राहिला, मग लंडनला कंपनीच्या संग्रहालयात बसला. आणि सह्याद्रीतला आमचा कस्तूर याच्या नावावर चढला! ना नोटीस, ना पंचनामा. आमच्या काळात असला फेरफार कोणी केला असता तर निलंबित झाला असता."

आढळाचा नकाशा त्यांना तोंडपाठ. उत्तरेला डांगच्या जंगलापासून थेट खाली केरळच्या टोकापर्यंत सगळा पश्चिम घाट. शिवाय सातपुडा, मध्य भारतातले डोंगर आणि पूर्व घाटाचे काही तुकडे. उंची पायथ्याच्या टेकड्यांपासून २२०० मीटरच्या आसपास. एवढी मोठी जमीन, आणि घाटात तर सलग, याचं त्यांना फार कौतुक. कारण सगळ्यांचं असं नसतं. पालघाटच्या खिंडीची गोष्ट ते भाऊबंदकीच्या खटल्यासारखी सांगतात. घाटाची रांग तिथे तीस-चाळीस किलोमीटर तुटली आहे. उंच माथ्यावरच्या शोला जंगलात एक लहानसा निळा पक्षी राहतो. त्याला खाली उतरून ही खिंड ओलांडणं जमलं नाही. उत्तरेचे उत्तरेला, दक्षिणेचे दक्षिणेला. इतकी युगं गेली की आता त्या दोन वेगळ्या जाती आहेत. २०१७ साली शास्त्रज्ञांनी त्यांच्यासाठी 'शोलिकोला' असा नवा वंशच काढला. "बघ," काका म्हणतात, "भावाभावांत एक खिंड पडली, येणं-जाणं थांबलं, की पुढं आडनाव बदलतं." मग थोडं थांबून, "कस्तुराचं तसं नाही. तो खालीही उतरतो. खाली उतरणाऱ्याचं घर तुटत नाही."

हे वाक्य त्या वेळी मला पक्ष्याबद्दलचं वाटलं होतं.

वरची हद्द तपासायची तर महाराष्ट्राचा उपयोग नाही, ही काकांची जुनी खंत. आपलं सगळ्यात उंच कळसूबाई, ते १६४६ लाच संपतं. "आपल्याकडे डोंगर आखूड पडतात रे," ते असं म्हणतात जणू शिंप्यानं कापड कमी दिलं. म्हणून लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला काकूंना घेऊन ते उटीला गेले. काकूंना वाटलं, या वयात का होईना, हौस सुचली. पहिल्या दिवशी कुन्नूरला, १८५० वर, कस्तूर दिसला. दुसऱ्या दिवशी २१०० च्या पुढे. तिसऱ्या दिवशी उटीच्या तळ्यावर होडीत बसायचं ठरलेलं असताना काका दोड्डबेट्टाच्या माथ्यावर, २६३७ मीटरवर, धुक्यात उभे. खात्री करायला की कस्तूर इथे नाही. नसलेला पक्षी पाहायला माणूस तीन तास उभा राहू शकतो हे काकूंना तेव्हा कळलं. त्यांनी तेवढ्यात गाजरं घेतली, स्वेटर घेतला, घरचं चॉकलेट घेतलं आणि वहीच्या मागच्या पानावर खर्च लिहून ठेवला. पुढच्या पानावर काकांची नोंद : "कस्तूर नाही. समाधान."

काकांबरोबर मी एकदाच गेलो, जुलैत आंबोलीला. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव. तिथे जुलैत कपडे वाळत नाहीत, वाळल्याचा समज करून घ्यावा लागतो. आम्ही पोचलो दुपारी चारला. उतरल्या उतरल्या काका ओढ्याकाठच्या एका काळ्या कातळावर चढले, फोन काढला आणि आकडा लिहिला : ७२४.

पहाटे मला त्यांनी हलवून उठवलं. अजून अंधार होता. पत्र्यावर पाऊस, खाली ओढ्याचा खळाळ, आणि त्या दोन्हींच्या वरून तरंगत आलेली ती शीळ. खरोखर कोणीतरी पोरगं छत्री विसरून, घराकडं पाठ करून, निवांत चाललंय असं वाटावं. मी अंथरुणात बसून ऐकत राहिलो. काका ऐकत नव्हते. ते दिशा घेत होते.

उजाडल्यावर आम्ही कातळापाशी गेलो. कस्तूर तिथेच होता, आमच्यापासून दहा हातांवर. त्याच्या चोचीत खेकडा होता. नांगी धरून त्यानं तो दगडावर आपटला. पुन्हा उचलला, पुन्हा आपटला. धोबी साडी आपटतो तसा, मान वळवून, नेम धरून. एक नांगी निखळून पाण्यात गेली. मग दुसरी. मग तो थांबला, शेपूट पंख्यासारखी उघडली, मिटली, आणि त्या हालचालीत खांद्यावरची निळाई काडी ओढल्यासारखी चमकून गेली. नांग्या गेलेला खेकडा घेऊन तो वरच्या कपारीत शिरला. तिथे शेवाळ आणि मुळांचं ओबडधोबड घरटं होतं. आतून एकदम तीन-चार पिवळ्या चोचींचा कल्लोळ झाला.

मी भारावून काकांकडे पाहिलं. काका फोनकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"६९०," ते म्हणाले.

"बरं मग?"

"अरे, कालचाच दगड! काल ७२४. रात्रीत आंबोली चौतीस मीटर खचली!"

दहा वाजता पुन्हा मोजलं, तेच. चहाच्या टपरीवर बसून त्यांनी कोडं सोडवलं. फोन उंची मोजत नाही, हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंचीचा अंदाज करतो. दाब एक मिलिबारनं उतरला की त्याला वाटतं आपण साडेआठ-नऊ मीटर वर आलो. आणि हवेचा दाब आमच्याकडे रोज दोनदा चढतो, दोनदा उतरतो. दहाच्या सुमारास भर, चारच्या सुमारास ओहोटी. वर पावसाळी ढगांचा हिशोब वेगळा. म्हणजे डोंगर दुपारी चारला उंच आणि सकाळी दहाला ठेंगणा. काकांनी वही उघडली. सहा वर्षांच्या नोंदी. प्रत्येक नोंदीला तारीख होती. वेळ एकीलाही नव्हती.

दुसरा कोणी असता तर वही ओढ्यात टाकली असती. काकांनी दुसरा चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांच्या दगडांवर संशय घेतला. साखळी कधी तपासली नाही."

त्याच टपरीवर त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. माझ्या फोनवर कस्तुराच्या नोंदींचा नकाशा होता, ठिपक्याठिपक्यांचा. लोणावळा, महाबळेश्वर, कोयना, आंबोली. ठिपके कसे दाट! मधली खोरी मोकळी. मी म्हटलं, मधे नाही वाटतं तो. काकांनी चष्मा कपाळावर चढवून नकाशा डोळ्यांजवळ धरला. "मोजणीवाल्याला विचार. हे ठिपके रस्त्याच्या कडेनं चाललेत. जिथे गाडी थांबते तिथे ठिपका. हा कस्तुराचा नकाशा नव्हे रे, हा टपऱ्यांचा नकाशा आहे. मधल्या खोऱ्यात कस्तूर आहे की नाही ते कळायला आधी माणूस जायला पाहिजे."

त्यानंतर गुडघे गेले. डॉक्टरांनी चढ बंद केला. काका दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "ठीक आहे. वरची हद्द झाली, आता खालची." खालची हद्द म्हणजे गुडघ्यांना आराम आणि शास्त्राची सेवा. आणि खाली म्हणजे कुठे, तर आंबोलीचा घाट उतरून दाणोलीच्या अलीकडे त्यांचं स्वतःचं गाव. तिथे वडिलोपार्जित घर, धाकटा भाऊ, आणि घरामागून वाहणारा ओढा. काकांचं नाव सातबाऱ्यावर आहे. स्वतः ते मे महिन्यात आठ दिवस असतात, आंब्यांपुरते.

या वेळी गेले ते जानेवारीत. भावानं दारातच स्वागत केलं, "आमच्याकडे येवक तुका सवड नाय, आणि पाखरू बघूक बरो इलस!"

तिसऱ्या दिवशी ओढ्यात कस्तूर दिसला. १०८ मीटर, सकाळचे दहा, वेळ लिहिलेली. पाण्याचा बारीक धागा उरलेला, आणि हा ओल्या पाचोळ्यात चोचीनं पानं उलटत होता. काका दोन तास बसले. तो गायला नाही. एकदा शिट्टीसारखा बारीक, धारदार सूर काढून पलीकडे गेला, एवढंच.

"पावसात हंय गाता काय रे?" काकांनी भावाला विचारलं. गावी गेलं की त्यांची भाषा आपोआप उतरते.

"पावसात तो वर घाटात," भाऊ म्हणाला. "हंय नुसतो जेवक येता." आणि सुपारी कातरता कातरता, अजिबात वर न बघता, "तुझ्यासारखोच."

पुण्याला आल्यावर काकांनी मला घरी बोलावलं. वही समोर होती. "सातबारा म्हणजे काय, सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, जमिनीचा कागद. "तसं नव्हे. दोन कागद. सात म्हणजे नाव कोणाचं. बारा म्हणजे पेरलं काय, कुठल्या हंगामात. तू नकाशात रंग भरलेला बघतोस ना, डांगपासून केरळपर्यंत, पायथ्यापासून २२०० पर्यंत, तो सगळा सात. तिथे तो आढळतो. बारा वेगळा. घरटं कुठे, शीळ कुठे, पाऊस सरल्यावर पोटासाठी उतरतो कुठे. हद्द वर्षातून दोनदा हलते रे. मी एका रेघेमागे धावत होतो."

"म्हणजे पक्षीही खोटं बोलतो?"

"पक्षी काहीच बोलत नाही. तो वहिवाट करतो."

एवढ्यात काकू पोहे घेऊन आल्या. त्यांनी विचारलं, "मग यांचं काय? यांचा बारा कुठला?" काका म्हणाले, पोह्यांत मीठ कमी आहे. ते कमी नव्हतं.

इथे एक सांगायला हवं. काकांनी या पक्ष्यासाठी सहा वर्षं घातली, पण त्यांच्या तोंडून शीळ मी कधी ऐकली नव्हती. एकदा म्हटलं होतं, काका, नक्कल करून दाखवा ना. तर ते जवळजवळ दचकले. लहानपणी त्या घरात शिळेला सक्त मनाई. रात्री शीळ घातली की साप येतो आणि दिवसा घातली की बाप येतो, असा कायदा होता. साप कधी आला नाही. बाप दोनदा आला. पहिल्यांदा तर शीळ बापूंची नव्हतीच, परसातल्या कस्तुराची होती. मार मात्र यांना बसला. त्या चुकीच्या निकालावर अपील करायला त्यांना साठ वर्षं लागली, एवढंच.

या जुलैत भावाचा फोन आला. घराची कौलं परतायची राहिली, लावणीला माणसं नाहीत, तू येतोस का. काका आणि काकू आठ दिवसांसाठी गेले आणि चतुर्थीचे मोदक खाऊन परतले. लावणीत काकांचा उपयोग शून्य होता, हे त्यांनी स्वतःच सांगितलं. पण बांधावर छत्री धरून उभं राहायला मोजणीवाल्याइतका सराव कोणाला असतो! भावाच्या आणि शेजाऱ्याच्या बांधाचा जुना तंटा त्यांनी साखळी न लावता, चहावर मिटवला.

परवा काकूंनी गॅसवाल्याचा नंबर सांगायला वही माझ्या हातात दिली. मी मागचं पान सोडून पुढचं उघडलं. शेवटची नोंद काकूंच्या गोल अक्षरात होती. रकाने नीट भरलेले. काका गाढ झोपलेले असतील या समजुतीनं त्यांनी पहाटे उठून यांच्यासाठी लिहून ठेवलेलं.

ठिकाण : गाव, परसू. वेळ : पहाटे साडेपाच, पाऊस. उंची : १०८. आवाज : शीळ, सलग पाच मिनिटं, सुराला धरून नाही. आणि शेऱ्याच्या रकान्यात, बहुतेक कंदील घेऊन पाहून आल्यानंतर, वेगळ्या शाईत : "न्हाणीघरात हे होते."

नोंद खोडलेली नव्हती. फक्त १०८ वर काट मारून काकांनी वर ११२ लिहिलं होतं. न्हाणीघर वरच्या बांधावर आहे.